अंटार्क्टिका व्हाया जयसिंगपूर

जयसिंगपुरात रस्ता चुकायची सोय नाही. शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं हे गाव वसवलं. गल्ल्या सरळ निघाल्या आणि त्यांना नावं देत बसण्यापेक्षा नंबर पडले. सातवी गल्ली सापडली की आठवी कुठं, हे कुणाला विचारावं लागत नाही. तरी लोक विचारतात, कारण विचारल्याशिवाय गप्पा सुरू होत नाहीत. थंडी म्हणाल तर डिसेंबरात चार दिवस पहाटे कानटोप्या बाहेर पडतात आणि ऊन आलं की परत खुंटीला जातात. उपासमारीचा तर प्रश्नच नाही. गावाबाहेर कुठल्याही दिशेला निघा, थोड्याच वेळात ऊस आडवा येतो.

अशा गावात बसून बर्फात हरवलेल्या, गोठलेल्या आणि भुकेलेल्या माणसांची पुस्तकं वाचायचं काय कारण, असं मला बरेच जण विचारतात. माझं म्हणणं, ती वाचायला याहून चांगलं गाव नाही. ज्याला हरवायची, गारठायची, उपाशी राहायची भीती आहे, तो वाचताना घाबरतो आणि त्याला नुसतं शौर्य दिसतं. आम्हाला भीती नसल्यामुळं हिशेब दिसतो. आणि खरं सांगायचं तर ध्रुवावरच्या मोहिमांत शौर्य असतं ते प्रस्तावनेपुरतं. आतला सगळा मजकूर किराणा, सामान, जनावरांची वैरण, शेजारच्याचं घोरणं आणि कागदपत्रं यांचाच असतो. म्हणजे तुमच्याआमच्या घरचाच. फरक एवढाच, की आपल्याकडं साखर संपली तर शेजारी वाटी पाठवता येते.

संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाला कट्ट्यावर मी वाचलेलं सांगतो. श्रोते ठरलेले. हायस्कुलातून निवृत्त झालेले सर, उसाचे बागायतदार अण्णा आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं एक पोरगं. काकी कट्ट्यावर बसत नाहीत. त्या समोरच्या दारात भाजी निवडत असतात आणि ऐकत नसल्याचं दाखवतात. पण शेवटचा शब्द त्यांचाच. कुणाला कुठलं पुस्तक मानवतं, हे मी या चौघांवर प्रयोग करून ठरवलं आहे. त्यावरूनच ही शिफारस करतो.

ज्यांना कचेऱ्यांत खेटे घालावे लागतात, त्यांनी पहिलं पुस्तक घ्यावं ते ॲप्सली चेरी-गॅरार्डचं ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’. प्रकाशन १९२२. हा तरुण कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत होता. १९११ च्या जूनअखेर, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, दिवसभर अंधार असताना, तो, डॉ. विल्सन आणि बॉवर्स असे तिघं एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले. पक्ष्यांची उत्पत्ती कशी झाली याचा पुरावा त्या अंड्यांतल्या पिल्लांत सापडेल, असा विल्सनचा तर्क होता. जाऊन येऊन पाच आठवडे लागले. पारा शून्याखाली साठपर्यंत उतरला. एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूतून बाहेर आला, जरा मान वर करून आजूबाजूला पाहिलं, आणि तेवढ्यात अंगावरचे कपडे तसेच गोठले. पुढचे चार तास तो मान वर करूनच गाडी ओढत होता. त्यानंतर तिघंही तंबूबाहेर पडल्या पडल्या आधी ओढायच्या पोजमध्ये वाकून उभे राहू लागले, म्हणजे गोठलं तर निदान कामाच्या आकारात गोठावं. दात इतके वाजायचे की त्यांचे तुकडे पडले. वादळात तंबू उडून गेला, आणि नशिबानं थोड्या अंतरावर सापडला. पाच अंडी उचलली, दोन वाटेत फुटली, तीन उरली.

ही तीन अंडी घेऊन तो पुढं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला. विल्सन आणि बॉवर्स तोवर स्कॉटबरोबर गेलेले होते, म्हणजे जगातून. चेरी-गॅरार्डच्या सांगण्याप्रमाणं, दारातल्या माणसानं आधी हे अंड्यांचं दुकान नव्हे अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं. मग ती वरच्या साहेबाकडं गेली. साहेबानं आभार न मानता ठेवून घेतली. चेरी-गॅरार्डनं पावती मागितली. त्याला बाहेर थांबायला सांगितलं. तो थांबला. बराच वेळ थांबला. अंटार्क्टिकाच्या काळोखात न डगमगलेला माणूस एका बोळात खुर्चीवर बसून पावतीची वाट बघत होता.

हे सांगून झाल्यावर कट्ट्यावर शांतता पसरली. दात फुटले, तंबू उडाला, तेव्हा कुणी हललं नव्हतं. आता मात्र पोरगं पुढं सरकलं.

“पण पावती मिळाली न्हवं शेवटी?”

“मिळाली.”

“मग झालं,” असं म्हणून सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या अंड्यांवरचा एक अहवाल १९३४ मध्ये निघाला आणि त्यांतून फारसं नवं कळलं नाही असं त्यात होतं, हे मी सांगायच्या आत सरांनी “अहवाल तसेच असतात,” असं म्हणून तो विषय बंद केला. अण्णांची शंका वेगळी होती. ते जैन. “अंड्यासाठी?” एवढंच ते म्हणाले, आणि नंतर बराच वेळ मान हलवत राहिले.

शेती आणि जनावरं असलेल्यांनी स्कॉट आणि आमुंडसेन यांची पुस्तकं जोडीनं वाचावीत. आमुंडसेनचं ‘द साऊथ पोल’ १९१२ चं, स्कॉटच्या डायऱ्या १९१३ मध्ये छापून आल्या. एकच घेतलंत तर नुसती गोष्ट कळेल. दोन्ही घेतलीत तर व्यवहार कळेल. आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला, स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला. इथंवर अण्णांना काही वाटलं नाही. शर्यत म्हटली की कुणीतरी पुढं जाणारच. त्यांनी विचारलं ते एवढंच, की ओढायला काय नेलं होतं?

मी म्हटलं, आमुंडसेननं कुत्री. स्कॉटनं थोडी कुत्री, मांचुरियाकडची तट्टं आणि तीन मोटारगाड्या. एक मोटार तर जहाजावरून उतरवतानाच बर्फ फोडून समुद्रात गेली.

“आणि तट्टं कुणी पारखली?”

इथं मी जरा अडखळलो, कारण पुढचं उत्तर अण्णांना झेपणार नाही हे मला ठाऊक होतं. मोहिमेत घोड्यांचा खरा जाणकार होता कॅप्टन ओट्स. पण तट्टं आणायला स्कॉटनं पाठवलं मीअर्सला, जो कुत्र्यांमधला जाणकार होता. शिवाय अट अशी, की तट्टं पांढरीच हवीत, कारण शॅकल्टनच्या आधीच्या मोहिमेत गडद रंगाची आधी मेली होती. ओट्सनं ती पाहिली तेव्हा कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला.

अण्णा उभेच राहिले. “रंग बघून जनावर घेतंय व्हय कोण? दात बघाय नगोत? खूर बघाय नगोत? आणि ज्याला कळतंय त्यो घरात आणि ज्याला न्हाई कळत त्यो बाजारात?” पुढं ते बर्फात रुतणाऱ्या खुरांवर बोलले, तिथं गवताची काडी नसताना वैरण वाहून न्यावी लागते यावर बोलले, आणि घोड्याला घाम येतो, तो गोठतो, कुत्र्याला तसा येत नाही, हे मी सांगितल्यावर तर त्यांनी स्कॉटला कायमचं मनातून उतरवलं. आमुंडसेन बावन्न कुत्री घेऊन निघाला आणि अकरा घेऊन परतला. उरलेल्यांचं काय झालं हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांची समजूत अशी आहे, की ती तिकडं रमली.

आमुंडसेनची खरी हुशारी मात्र आमच्या गावाला लगेच कळण्याजोगी आहे. परतीच्या वाटेवर अन्न पुरून ठेवलेलं ठिकाण धुक्यात सापडलं नाही तर माणूस मरतो. म्हणून त्यानं त्या ठिकाणाच्या दोन्ही बाजूंना, वाटेला काटकोनात, लांबवर झेंड्यांची रांग लावली आणि झेंड्यांवर नंबर घातले. कुठलाही झेंडा दिसला की मुक्काम कुठल्या हाताला आणि किती लांब, हे तिथल्या तिथं कळावं. म्हणजे त्यानं बर्फावर जयसिंगपूरच वसवलं. स्कॉट आणि त्याचे शेवटचे दोन सोबती अशाच एका अन्नसाठ्यापासून अकरा मैलांवर तंबूत संपले. त्या भागाशी आलो की कट्ट्यावर कुणी काही बोलत नाही, अण्णासुद्धा नाहीत. तट्टांचा राग वेगळा आणि माणसं गेली ते वेगळं.

सामान जास्त घेण्याची सवय असलेल्यांनी सर जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेवरचं काहीही वाचावं. १८४५ मध्ये दोन जहाजं आणि १२९ माणसं उत्तरेच्या बर्फातून वाट शोधायला निघाली, ती सगळी तिकडंच राहिली. जहाजांवर हजाराहून जास्त पुस्तकं होती. १८५९ मध्ये शोधपथकाला घसरगाडीवर ठेवलेली एक होडी सापडली. जहाज सोडून चालत निघालेल्या माणसांनी ती ओढत आणलेली. तिच्यात चांदीचे चमचे आणि काटे, साबण, कंगवे, सपाता, पुस्तकं, चहा आणि भरपूर चॉकलेट. मी यादी वाचून दाखवली तेव्हा दारातून काकींचा आवाज आला, “आणि पाण्याचा तांब्या?” तो यादीत नव्हता. “वाटलंच,” असं म्हणून त्या पुन्हा मेथीकडं वळल्या.

काकींसाठी माझी शिफारस शॅकल्टनची. ही गोष्ट अल्फ्रेड लॅन्सिंगच्या ‘एन्ड्युरन्स’मध्ये (१९५९) उत्तम आहे आणि शॅकल्टनच्या स्वतःच्या ‘साऊथ’मध्ये (१९१९) आहे. ‘एन्ड्युरन्स’ जहाज १९१५ च्या जानेवारीत बर्फात अडकलं, बर्फानं ते हळूहळू चिरडलं आणि नोव्हेंबरात ते बुडालं. ते सापडलं थेट मार्च २०२२ मध्ये, तीन हजार मीटर पाण्याखाली. अठ्ठावीस माणसं बर्फाच्या तुकड्यावर राहिली, मग होड्यांतून एलिफंट बेटावर पोचली. तिथून शॅकल्टन आणि पाच जण बावीस फुटी होडीत बसून सुमारे पंधराशे किलोमीटर समुद्र ओलांडून मदत आणायला गेले. जाणाऱ्यांची सगळ्या जगानं आरती केली. मला मागं राहिलेल्या बावीस जणांची गोष्ट जास्त आवडते. दोन होड्या उपड्या घालून त्यांनी घर केलं, सील आणि पेंग्विन खाल्ले आणि चार महिन्यांहून जास्त काळ वाट पाहिली.

या बावीस जणांत मार्स्टन नावाचा चित्रकार होता. त्याच्याकडं एक पेनीचं, म्हणजे स्वस्तातलं, पाककृतींचं पुस्तक होतं. रोज रात्री तो त्यातली एक कृती मोठ्यानं वाचायचा, मग सगळे त्यावर गंभीरपणे चर्चा करायचे, दुरुस्त्या सुचवायचे, आणि झोपायचे. पोटात सीलचं मांस आणि डोक्यात पुडिंग.

“एकच कृती रोज?” काकी चक्क कट्ट्यापर्यंत आल्या.

“एकच.”

“मग शहाणी हुती. दोन वाचल्या असत्या तर भांडणं लागली असती.”

काकींना हा प्रकार इतका पटला, की त्यांनी घरातून ‘रुचिरा’ आणली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० मध्ये निघालं आणि बाई सांगलीच्या, म्हणजे आमच्या नदीपलीकडच्या, त्यामुळं तिच्याविषयी आमच्या भागात घरच्यासारखा हक्क आहे. काकींचं म्हणणं असं, की एलिफंट बेटावर त्या पेनीवाल्या पुस्तकाऐवजी ही असती तर बावीस माणसांचे ते चार महिने कसे गेले ते कळलंही नसतं, कारण पुरणपोळीबरोबरच्या कटाच्या आमटीत पाणी किती यावरच सहा आठवडे गेले असते. मी म्हटलं, काकी, ‘रुचिरा’त सीलची आमटी नाही. त्या म्हणाल्या, “फोडणी बदलली की कशाचीबी हुतीय.” हे वाक्य कुठल्याही ध्रुवीय मोहिमेच्या साहित्याच्या यादीत पहिलं लिहावं असं आहे.

‘एन्ड्युरन्स’ जहाजावरच्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा काही भागही वाचवलेला होता. आधी तो वाद मिटवायला वापरला आणि मग एकेक पान पाइप पेटवायला. सरांना हे ऐकून वाईट वाटलं. पण तंबाखू खाणारी मंडळी जवळच बसलेली असल्यामुळं ते उघडपणे काही बोलले नाहीत.

लग्न नुकतंच झालेल्यांनी, आणि वसतिगृहात एका खोलीत दोघं राहणाऱ्यांनी, नान्सेनचं ‘फार्देस्ट नॉर्थ’ (१८९७) घ्यावं. नान्सेन आणि जोहान्सेन या दोघा नॉर्वेजियनांनी १८९५ च्या मार्चमध्ये आपलं जहाज सोडलं आणि उत्तर ध्रुवाकडं चालायला लागले. पोचले नाहीत. परतताना दगड आणि वालरसचं कातडं यांची एक झोपडी करून त्यांनी आख्खा हिवाळा काढला. एकाच झोपायच्या पिशवीत दोघं, दिवसाचे वीस-वीस तास झोप, आणि जेवायला सकाळी अस्वल, रात्री अस्वल. एवढं होऊनही दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. शेवटी १८९५ सरत असताना नान्सेननं सुचवलं, की आता आपण अरे-तुरे करायला हरकत नाही. सरांना हे अतिशय आवडलं. सुनेनं सासऱ्यांना कसं बोलावं यावर ते वीस मिनिटं बोलले. काकींनी मात्र नेमकं ओळखलं, “अहो-जाहो हुती म्हणून टिकली. पयल्या दिवशी अरे-तुरे केलं असतं तर त्या पिशवीत एकच उरला असता.” गंमत म्हणजे हिवाळा संपून सुटका झाल्यावर वजन केलं, तर दोघांचंही वाढलेलं निघालं. ध्रुवाकडं जाऊन वजन वाढवून येणारी ही माणसं आमच्या भागात खपली असती.

इथवर आल्यावर अण्णांनी एक अशी शंका काढली, जी मला आजवर कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही. शिरोळ तालुक्यात जैन शेतकरी पुष्कळ. दिवस मावळायच्या आत जेवण, हा त्यांचा नियम. ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदाच मावळतो आणि सहा महिन्यांनी उगवतो. मग जेवायचं कधी? सरांनी आधी भूगोल सांगून बघितला. अंटार्क्टिकातलं आपलं ‘मैत्री’ केंद्र अगदी ध्रुवावर नाही, तिथं सूर्य दोनेक महिनेच दिसत नाही, असं ते म्हणाले. “दोन महिन्याचा उपास काय हसण्यावारी न्हाई,” अण्णा म्हणाले. बराच ऊहापोह झाला. मग अण्णांच्याच डोक्यात उजेड पडला.

“म्हंजे तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळतच न्हाई?”

“नाही.”

“मग रात्री बारालाबी जेवलं तर चालतंय की!”

त्या दिवसापासून अंटार्क्टिकाबद्दल त्यांचं मत सुधारलं आहे. जायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी, असं ते सांगतात. पण तो ऊसतोडीचा हंगाम असल्यामुळं त्यांचं जाणं दरवर्षी पुढं ढकललं जातं.

घरातून न हलता ध्रुव गाठायचा असेल त्यांनी लोकमान्य टिळकांचं ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ वाचावं. हे सरांचं आवडतं. पिअरीनं उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केला १९०९ मध्ये, आणि त्यावरचा वाद अजून संपलेला नाही. टिळकांनी सहा वर्षं आधी, १९०३ मध्ये, पुण्यातूनच आपल्या पूर्वजांचं सगळं बिऱ्हाड तिकडचं असल्याचं सिद्ध केलं. ऋग्वेदातल्या उषेची वर्णनं बघा, ती एका सकाळची नव्हेत, महिनाभर चालणाऱ्या पहाटेची आहेत, आणि अशी पहाट ध्रुवाजवळच असते, हा त्यांचा मुद्दा. आजचे अभ्यासक हा सिद्धान्त मानत नाहीत. पण पुस्तकाची एक सोय दुसऱ्या कुठल्याही ध्रुवीय ग्रंथात नाही. टिळकांच्या ध्रुवावर थंडीच नाही. हिमयुगाआधी तिकडं बारमाही वसंत होता असं ते सांगतात. शेकडो पानं ध्रुवावर राहून एकदाही कानटोपी लागत नाही. जयसिंगपूरच्या वाचकाला सुरुवात करायला हे उत्तम.

मोबाइलवर सकाळी सुविचार पाठवणाऱ्यांना मी पुस्तक देत नाही, फक्त एक विनंती करतो. शॅकल्टननं वर्तमानपत्रात दिलेली म्हणून एक जाहिरात फिरते: माणसं हवीत, पगार कमी, थंडी भयंकर, परतायची खात्री नाही, वगैरे. तिची मूळ छापील प्रत आजवर कुणालाही सापडलेली नाही. ती पुढं पाठवू नये. आमच्या पोरग्यानं ती वाचून “आणि वयोमर्यादा?” असं विचारलं होतं.

या पोरग्यासाठी शिफारस करताना मी जास्त विचार केला. त्याला मी एका पुस्तकाची साखळी सांगितली. ॲलिस्टर हार्डी नावाचा प्राणिशास्त्रज्ञ १९२५ ते २७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून अंटार्क्टिकाच्या समुद्रात गेला. स्कॉटनं आपल्या पहिल्या मोहिमेला नेलेलं तेच हे जहाज. हार्डीनं पुढं समुद्रातल्या जीवांवर ‘द ओपन सी’ हा ग्रंथ लिहिला. तो एका मराठी मुलीच्या हाती पडला. नागपुरात जन्मलेली, पुणे विद्यापीठात शिकलेली, औंधच्या पंत घराण्यातली, आप्पासाहेब पंतांची मुलगी अदिती. पुस्तक वाचून तिनं समुद्रविज्ञान घ्यायचं ठरवलं, हवाई आणि लंडनला शिकली, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलं, आणि १९८३ च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेली. तिच्याबरोबर भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. तिकडं जाणाऱ्या या पहिल्या दोन भारतीय महिला. म्हणजे एक पुस्तक वाचून माणूस खरंच तिकडं पोचतो, याचा हा पुरावा, आणि तोही आमच्या शेजारच्या संस्थानातल्या घरातला.

पोरग्यानं सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “परीक्षा कुठली अस्ती त्याला? पूर्व, मुख्य दोनी?”

ती नसते, हे ऐकून त्याला आधी आनंद झाला आणि मग ताण आला. परीक्षा नसलेल्या ठिकाणी जायचं कसं, हे आमच्याकडच्या कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत. मी म्हटलं, आपली पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली होती आणि ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आजही वास्कोला आहे. तू आधी गोव्याला जाऊन ये. हे त्यानं घरी सांगितलं. “अंटार्क्टिकासाठी गोव्याला जातो,” या वाक्यावर जगातल्या कुठल्याही आईबापांनी विश्वास ठेवला नसता, त्याच्या आईबापांनीही ठेवला नाही.

तरी अंटार्क्टिका आम्हाला परकं नाही, याचा एक सरकारी पुरावा आहे. तिकडच्या आपल्या ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्रात १९८४ पासून टपाल कार्यालय होतं आणि ते टपाल खात्याच्या गोवा विभागाखाली यायचं. ते केंद्र पुढं बर्फाखाली गेलं, टपाल ‘मैत्री’त गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘भारती’ केंद्रावर नवं कार्यालय निघालं. त्याला प्रायोगिक पिन मिळाला एमएच-१७१८. अण्णांनी तो ऐकून लगेच विचारलं, “एमएच झिरो नाईन आपलं कोल्हापूर. सतराशे अठरा कंचा तालुका?”

तालुका नाही म्हटल्यावर जमिनीचा प्रश्न निघाला. मी सांगितलं, त्या खंडावर सात देशांनी हक्क सांगितलेला आहे, काहींचे हक्क एकमेकांच्या अंगावर जातात, पण १९५९ च्या करारानं ते सगळे दावे आहे तिथं गोठवून ठेवले, आणि भारतही १९८३ मध्ये त्या करारात आला. आमच्याकडं एका बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. आख्खं खंड, सातबारा नाही, मोजणी नाही, आणि तरी भांडण नाही, हे अण्णांना पुस्तकातल्या कुठल्याही पराक्रमापेक्षा मोठं वाटलं. “बर्फात सगळ्यात अवघड काम ह्ये केलंय बघा,” ते म्हणाले, आणि मला वाटतं ते बरोबर म्हणाले.

सरतेशेवटी प्रत्येकाला विचारलं, की तिकडं जायचंच झालं तर कुणाबरोबर जाल? सर म्हणाले, टिळकांबरोबर. कारण त्यात जावं लागत नाही. अण्णांनी आमुंडसेन निवडला, त्या नंबरच्या झेंड्यांसाठी. पोरगं म्हणालं, ज्याची नेमणूक कायम असेल त्याच्याबरोबर. काकींनी क्षणाचाही विचार न करता मार्स्टनचं नाव घेतलं. स्वयंपाकाचं पुस्तक घेऊन बसणारा पुरुष त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच ऐकायला मिळाला होता. मलाही त्यांचं पटतं. ध्रुवावर झेंडा लावणारे दोन-चारच, पण चार महिने बावीस माणसांना एकमेकांचा जीव न घेऊ देता वाट बघायला लावणं, हे ज्यांना जमलं त्यांच्यामुळं माणसं घरी परतली.

यातली बरीचशी पुस्तकं माझ्याकडं आहेत. कुणाला हवी असतील तर संध्याकाळी कट्ट्यावर यावं, गल्लीचा नंबर कुणालाही विचारावा. मात्र नेताना पोहोचपावती लिहून द्यावी लागेल. लगेच दिली नाहीत तरी चालेल. चेरी-गॅरार्ड थांबला होता, मीही थांबेन.